कप्तानाची आई

नवा दिग्दर्शक आईला जिवंत ठेवणार की मारणार, यावरून त्या रविवारी नाशिकच्या विहंग टॉकीजच्या पायऱ्यांवर फक्त हाणामारी व्हायची बाकी होती.

बातमी आणली होती वत्सलाबाईंनी. बाई महापालिकेच्या शाळेत शिकवायच्या आणि दर रविवारी चौकातून एक इंग्रजी पेपर विकत घ्यायच्या. बाकीचे सहा दिवस त्यांचं मराठीवर भागायचं. त्या पेपरात आतल्या पानावर चार ओळी होत्या. 'तारायान'चा चौथा भाग तयार झाला होता. जुना दिग्दर्शक वयामुळे बाजूला झाला होता आणि त्याच्या जागी कुणी तिशीतला माणूस आला होता.

"आयत्या बिळावर नागोबा!" पुंजा गांगुर्डे म्हणाला. पुंजा एसटीत कंडक्टर, मूळचा घोटीचा, आणि गाडीच्या टपापर्यंत आवाज पोचवायची सवय असल्यामुळे साधं बोलला तरी भांडल्यासारखा वाटायचा. "म्हाताऱ्यानं तीन पिक्चर रक्त आटवून काढले आन् हा आता वर येऊन बसणार. मी सांगतो, पहिल्या झटक्यात आईला मारणार हा. नव्या माणसाला छाप पाडायची घाई लय."

"काहीतरीच," बाई म्हणाल्या. "नव्या सुनेच्या हाती चूल कधीतरी द्यावीच लागते. आधी आमटी चाखा, मग नावं ठेवा."

"आमटी चाखू हो बाई, पण बोर्डाचं काय?" हा केरू पेंटर. टॉकीजचे बोर्ड तोच रंगवायचा आणि त्याची अडचण निराळीच होती. "आईचे केस सगळे पांढरे करू, का थोडे काळे ठेवू? मागला भाग सत्त्याहत्तरला आला. त्याला आठ वर्षं झाली. बाईमाणसाचं वय चुकलं तर पब्लिक मला हसंल."

मल्हारी पगारे दाराला टेकून हे सगळं ऐकत होता आणि आत सटकायच्या बेतात होता. कारण त्या चौघांत त्याला एकट्यालाच ठाऊक होतं, की 'तारायान'मध्ये आई नाही. पहिल्या भागात नाही, दुसऱ्यात नाही, तिसऱ्यात नाही. कधी नव्हतीच.

मग ती आली कुठून, हे सांगायचं तर बहात्तर सालात जावं लागेल.

मल्हारी तेव्हाही विहंगचा डोअरकीपरच होता. तिकिटं फाडायची, बॅटरी मारून खुर्ची दाखवायची, मध्यंतरात बाकड्यावर बसून स्वतःचा डबा खायचा. रविवारी सकाळी इंग्रजी खेळ लावायची टूम मालकांनी तेव्हाच काढली होती, कारण जुन्या इंग्रजी पिक्चरच्या रिळांची पेटी स्वस्तात मिळायची. पहिला आला तो अंतराळातला. त्याचं मूळ नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून मालकांनी पोस्टरवर 'तारायान' लिहून टाकलं आणि तेच रूढ झालं. पण नाव बदलून बोलणं थोडंच बदलतं? अर्ध्या तासात शिट्ट्या सुरू झाल्या. खुर्च्या वाजू लागल्या. पैसे परत, पैसे परत! मालकांना दरदरून घाम फुटला. मल्हारीनं तरुणपणी वस्तीतल्या भीमजलशात गाण्याची दुसरी बाजू धरली होती आणि त्याचा आवाज खणखणीत आहे, एवढं त्यांना माहीत होतं. त्यांनी त्याच्या हातात माइक दिला.

"सांग मराठीत काय चाललंय ते."

"मालक, मला इंग्रजी कुठं येतं?"

"त्यांना तरी कुठं येतंय?" मालक म्हणाले आणि त्याला पडद्याच्या बाजूला ढकललं.

मल्हारीनं पडद्याकडे बघितलं आणि सांगायला सुरुवात केली. यान बिघडलंय, हे दिसतच होतं. कप्तान एकटा उरलाय, हेही दिसत होतं. तोंडं बघून बोलणं बसवायचं, हे काही जलशात वाढलेल्या माणसाला अवघड नव्हतं. मग एका जागी सगळं शांत झालं, यानातला रेडिओ खरखरला आणि त्यातून एका वयस्कर बाईचा आवाज आला. ती चार शब्द बोलली. कप्तानानं डोळे मिटले. सगळं थिएटर मल्हारीच्या तोंडाकडे बघत होतं आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "कप्तानाची आई बोलतेय बरं का. ती विचारते, 'बाळा, जेवलास का?'"

एक शिट्टी नाही की खुर्ची वाजली नाही. पुढं पाच मिनिटं लोक श्वास धरून बसले.

आता एकदा तोंडातून गेलेली आई परत कशी घ्यायची? दुसऱ्या रविवारी दुप्पट गर्दी झाली. रेडिओ मध्येच पुन्हा खरखरायचा, तेव्हा मल्हारी म्हणायचा, "आई म्हणते, 'थंडी लय हाय, कानाला बांध.'" आणि पडद्यावर कप्तान तेवढ्यात डोक्यावर ते काचेचं टोपण चढवायचा. टाळ्यांनी छप्पर हलायचं. चौऱ्याहत्तरला दुसरा भाग आला, त्यात आईनं "पाठवलेला ठेचा पुरवून खा" म्हणून सांगितलं. सत्त्याहत्तरला तिसरा आला, त्यात ती म्हणाली, "माझी काळजी करू नको, गुडघा आता बरा हाय." त्या भागाच्या बोर्डावर केरूनं यानापेक्षा मोठी आई रंगवली होती, नऊवारीतली, हात कपाळावर आडवा धरून आभाळाकडे बघणारी. पिक्चर सात आठवडे चालला.

आणि पहिल्या खेळापासून शेवटच्या खेळापर्यंत एक प्रेक्षक ठरलेला असायचा, तो पुंजा. बहात्तर साली त्याची ड्यूटी सायखेडा गाडीवर होती. मल्हारीची आई कुसाबाई सायखेड्याला थोरल्या मुलाकडे राहायची. ती आठवड्यातून दोनदा पुंजाच्या हाती मल्हारीसाठी डबा द्यायची. अ‍ॅल्युमिनियमचे डबे, झाकणावर भांडेवाल्याकडून ठिपक्याठिपक्यांनी टोचून घेतलेलं तिचं नाव. स्टँड टॉकीजपासून दोन मिनिटांवर. पुंजा डबा पोचवायचा आणि त्याच्या बदल्यात मल्हारी त्याला फुकट आत सोडायचा. असा तो 'तारायान'च्या नादी लागला.

पुंजाला आई आठवत नव्हती. तो सहा महिन्यांचा असताना ती गेली आणि घोटीत आत्यानं त्याला वाढवलं. आत्यानं खायला घातलं, पण विचारून कधी घातलं नाही. तिसरा भाग बघून बाहेर आला तेव्हा तो मल्हारीला म्हणाला होता, "आई कशी आसती, ते आपल्याला ह्या पिक्चरनं कळलं, मल्हारीभाऊ. तो डायरेक्टर गोरा आसंल, पण त्याला आई कळली." मल्हारीनं मान डोलावली होती. त्या दिवशी सांगून टाकलं असतं तर बरं झालं असतं. पण पुंजाचे डोळे ओले होते आणि ओल्या डोळ्यांच्या माणसाला खरं सांगायची हिंमत त्याला झाली नाही.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात कुसाबाई गेली. तिचे तीन डबे नाशकातच राहिले. मल्हारीची बायको भिमाबाई त्यात चहा, साखर आणि हळद ठेवू लागली.

आणि आता हा चौथा भाग. पुढच्या आठवड्यात वत्सलाबाईंनी आणखी एक बातमी आणली. नवा भाग हिंदीतून येणार होता.

"म्हणजे आईचे शब्द आता सरळ कानावर!" पुंजा उभाच राहिला. "मल्हारीभाऊ, तुमी इतकी वर्षं सांगितलं ते बराबरच. पण तिच्या तोंडून ऐकायचं म्हंजी वेगळं."

मालकांनीही त्याला बोलावून सांगितलं, की यंदा माइकचं काम नाही, हिंदी सगळ्यांना कळतं. मल्हारी बरं म्हणाला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं त्याचं झालं होतं; कुणी नुसतं 'आई' म्हटलं तरी तो दचकायचा. दोनदा तो पुंजाला सांगायला गेला. एकदा स्टँडवर गाठला, तर पुंजाच आधी म्हणाला, "मी साहेबाकडून रविवारची सुट्टी मागितलीय, पहिल्यांदाच. पोरीलाबी घेऊन येणार." मल्हारी घोटीच्या गाडीची वेळ विचारून परत आला.

खेळाच्या आदल्या दिवशी भिमाबाई त्याला म्हणाली, "जेवण जात नाय तुमाला आठ दिस झाले. काय झालंय?"

"उद्या सगळे मला खोटारडा म्हणतील," तो म्हणाला.

तिला सगळं माहीत होतं. तिनं हळदीचा डबा फडताळात ठेवला आणि म्हणाली, "म्हणू द्या. खोटं बोलून कुणाचं काय खाल्लं का तुमी?"

रविवारी बोर्डावर केरूची आई पुन्हा उभी होती. केस शेवटी निम्मे पांढरे करून त्यानं मधला मार्ग काढला होता. थिएटर भरलं. मल्हारी पडद्याजवळ नव्हता, मागच्या दाराच्या पडद्याआड उभा होता. यान बिघडलं. कप्तान एकटा पडला. रेडिओ खरखरला आणि वयस्कर बाईचा तसाच आवाज, आता स्वच्छ हिंदीत, म्हणाला, "कप्तान, दिशा तीन शून्य सात. पुष्टि कीजिए."

"जी मॅडम," कप्तान म्हणाला.

मल्हारीनं डोळे मिटून घेतले. संपलं, त्याला वाटलं.

आणि पुढच्या रांगेतून पुंजाचा आवाज टपापर्यंत गेला, "आरं, आईला मॅडम म्हणतो!"

एका क्षणात सगळं थिएटर पेटलं. शिट्ट्या, पाय आपटणं, 'बंद करा'ची ओरड. मल्हारीला आधी काही कळेना. मग हळूहळू उमजलं. कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं की आधी काही खोटं होतं. सगळ्यांना वाटलं, नव्या दिग्दर्शकानं आईची मॅडम केली.

तो वाचला होता! घरी जाऊन त्यानं दोन भाकरी जास्त खाल्ल्या. भिमाबाईनं काही विचारलं नाही, पण ती हसलीही नाही. त्याला झोप मात्र नीट लागली नाही. समुद्रापलीकडं कुठंतरी एक तिशीतला माणूस बसला असेल, त्यानं आपलं काम इमानानं केलं असेल आणि इथं दोन-अडीचशे लोक त्याच्या नावानं बोटं मोडत होते. आणि दुसरंही एक होतं. ते मल्हारीनं स्वतःशी कबूल करायला दोन दिवस घेतले. तेरा वर्षं ज्या शब्दांसाठी लोक जुन्या दिग्दर्शकाला डोक्यावर घेत होते, ते त्याचे नव्हते. ज्या बाईचे होते तिचं नाव कुणी घेत नव्हतं. याचं त्याला वाईट वाटत होतं, आणि खोटं कशाला बोला, थोडा रागही येत होता.

पुढच्या रविवारी पुंजा पायऱ्यांवर कागद घेऊन बसला होता. दिग्दर्शकाला पत्र जाणार होतं. मजकूर पुंजाचा, इंग्रजी वत्सलाबाईंचं. बाईंनी तो मराठीत वाचून दाखवला. "आपण आईला मॅडम केलेत, ही गोष्ट नाशिककरांना आवडलेली नाही. आपल्या आधीच्या दिग्दर्शकांना आईचे काळीज माहीत होते. आपणास नाही. पुढील भागात तिला परत आणावे आणि तिच्या गुडघ्याचे काय झाले तेही कळवावे." खाली सह्यांसाठी चार पानं जोडली होती.

"पहिली सही मल्हारीभाऊंची," केरू म्हणाला. "सगळ्यात जुने तेच."

पुंजानं पेन पुढं केलं. मल्हारीनं ते हातात घेतलं, कागदाकडे बघितलं आणि पेन परत दिलं.

"त्या माणसाचा काही दोष नाय," तो म्हणाला. "आई पहिल्यापासून नव्हतीच. ती बाई आकडेच सांगत होती. मला इंग्रजी येत नाय, पुंजाभाऊ. मी माझ्या मनानं सांगायचो."

केरूनं एकदा वर बोर्डाकडे बघितलं, आपल्याच नऊवारीतल्या बाईकडे. वत्सलाबाई हळूच म्हणाल्या, "मला संशय होता. तिकडची बाई ठेचा पाठवते म्हटल्यावर मला वाटलं, भाषांतर जरा मोकळं आहे." त्या हसायला बघत होत्या, पण कुणी साथ दिली नाही.

पुंजाचा चेहरा उतरला होता. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण बोलला तेव्हा शेजारच्यालाही नीट ऐकू आलं नाही.

"म्हंजी 'जेवलास का' हे कुणीच विचारलं नव्हतं?"

"विचारलं होतं," मल्हारी म्हणाला. "माझ्या आईनं. मला. त्या दिवशी सकाळी डब्याबरोबर तुमीच निरोप आणला होता. 'जेवलास का म्हणून विचारलंय म्हातारीनं.' मग कानाला बांध, ठेचा पुरवून खा, गुडघा बरा हाय, ते सगळंच. तुमी दारात उभं राहून एका दमात म्हणायचे आन् मी ते आत जाऊन सांगायचो. दुसरं मला काय येत होतं?"

पुंजानं त्याच्याकडे बघितलं. दिवसाला पन्नास निरोप नेणारा माणूस; निरोप त्याच्या तोंडातून जात, मनात थांबत नसत. तो उठला, कागदाची घडी करून खिशात घातली आणि कुणाशी न बोलता स्टँडकडे चालू लागला.

त्या आठवड्यात तो आला नाही. पुढच्या रविवारीही नाही. मल्हारी तिकिटं फाडताना रस्त्याकडे बघत राहायचा. वत्सलाबाईंनी त्याला समजावलं, येईल हो, माणूस आहे, राग निवेल. पण हा राग नव्हता, हे मल्हारीला कळत होतं. आपण त्याची आई काढून घेतली, असं त्याला वाटत होतं, आणि त्यावर काही औषध नव्हतं.

तिसऱ्या सोमवारी टॉकीज बंद असताना पुंजा त्याच्या घरी आला. ड्यूटीच्या कपड्यात, खांद्याला तिकिटाची पेटी. भिमाबाईनं पाणी दिलं. तो बराच वेळ फडताळाकडे बघत बसला. चहा, साखर, हळद. तिन्ही झाकणांवर तेच ठिपक्यांचं नाव.

"मल्हारीभाऊ, तुमी सांगितलं, आता माझंबी ऐका. एक निरोप माझ्याकडं ऱ्हायलाय. सहा वर्षं झाली."

मल्हारी सरसावून बसला.

"सायखेडा गाडीवरचा माझा शेवटचा दिस होता. दुसऱ्या दिवसापासून घोटीची ड्यूटी. म्हातारी स्टँडवर आली, पण हातात डबा नव्हता. नुसता निरोप दिला. मी नाशकात आलो, बदलीचे कागद, चार्ज देणं, त्यात इसरलो. म्हणलं उद्या सांगू. तिसऱ्या दिवशी कळलं ती गेली. मग मला लाज वाटाया लागली. आन् निरोपबी असा, की मयताच्या घरी कसा सांगावा?"

"काय म्हणाली?"

पुंजानं मान खाली घातली आणि जुन्या सवयीनं एका दमात म्हणून टाकलं, "त्याला म्हणावं डबे परत पाठव. तीन डबे तिकडंच पडलेत. आता मी कशात बांधू?"

मल्हारी हसला. हसता हसता त्याचं तोंड वाकडं झालं आणि तो पोरासारखा रडला. भिमाबाई आधी त्याच्याकडे आणि मग फडताळाकडे बघत राहिली, आणि तिनंही पदर डोळ्याला लावला. पुंजा तसाच बसून होता. त्यानं मल्हारीच्या गुडघ्यावर हात ठेवला होता आणि तो काढला नाही.

"असलीच होती ती," मल्हारी शेवटी म्हणाला. "डबा पाठवायची आन् डब्यासाठी भांडायची."

"मला वाटलं होतं, माझी काढून नेली तुमी," पुंजा म्हणाला. "पण मग इचार केला. सात वर्षं हप्त्यातून दोनदा ती माझ्याशीच बोलायची की. डबा देताना मलाबी म्हणायची, कंडक्टर, दोन घास खाऊन घ्या. मी कधी ध्यान दिलं नाय. पिक्चर बघून रडायचो आन् ती गाडीच्या खिडकीखाली उभी."

भिमाबाई उठली. तिनं चहा, साखर, हळद तीन कागदांत काढून ठेवली, डबे राखेनं घासले, पालथे घालून निथळवले आणि एका फडक्यात बांधले. कुणी तिला सांगितलं नव्हतं. सायखेड्यात थोरली जाऊ सरुबाई होती, पोरंबाळं होती. डबे तिथलेच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मल्हारी गाठोडं घेऊन स्टँडवर गेला. पुंजानं त्या दिवसापुरती ड्यूटी बदलून घेतली होती. सायखेडा गाडी भरली होती, ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला. मल्हारीनं खिडकीतून गाठोडं वर दिलं. पुंजानं ते आपल्या सीटखाली नीट ठेवलं, घंटीच्या दोरीला हात घातला आणि थांबला.

"निरोप काय सांगू?"

मल्हारीनं जरा विचार केला.

"म्हणावं, जेवलो."

पुंजानं घंटी मारली.